शेजारचं बूथ काय सांगतंय? नकाशावरून मतदान वाचताना

नमस्कार. २००८च्या मतदारसंघ फेररचनेआधी मुंबई शहर जिल्ह्यात विधानसभेच्या १७ जागा होत्या, उपनगरातही १७च. फेररचनेनंतर शहराकडे उरल्या १० आणि उपनगराकडे गेल्या २६. कारण आधीची रचना १९७१च्या जनगणनेवर होती, नवी २००१च्या. माणसं सरकली, मागोमाग जागाही सरकल्या. पुढेही तेच चाललं: शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ला ३३.३८ लाख होती, २०११ला ३०.८५ लाख.

पण जिल्ह्याच्या एका आकड्यात लालबागची चाळ आणि मलबार हिल एकाच पिशवीत पडतात. मला हे फार खटकतं. म्हणून बूथपर्यंत उतरायचं. बूथनिहाय मतं फॉर्म २० मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या अंतिम निकालपत्रकात मिळतात.

आता नीट बघा. समजा, एका पक्षाची सगळ्या बूथांवरची सरासरी ४० टक्के आहे. आपल्या बूथवर त्याला ६० मिळाले, म्हणजे २० वर. शेजारच्या चार बूथांवर ५५, ५८, ६२, ५७. त्यांची सरासरी ५८, म्हणजे १८ वर. आता हे दोन फरक गुणायचे. वीस गुणिले अठरा, उत्तर धन: हा पुंजका, क्लस्टर. शेजाऱ्यांची सरासरी २५ असती, तर वीस गुणिले उणे पंधरा, उत्तर ऋण: आपलं बूथ म्हणजे एकटं बेट. मला तर बेटंच जास्त बोलकी वाटतात. तिथे नवा टॉवर उभा राहिलाय का, जुनी वस्ती उठलीय का, ते जाऊन बघावंसं वाटतं.

ही पद्धत ल्यूक अँसेलिन यांनी १९९५ साली मांडली, लोकल मोरान नावाने. जिओडा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती करता येते. पुंजका योगायोगाने तर दिसत नाही ना, हे तपासायला बाकीच्या बूथांचे आकडे पत्त्यांसारखे पिसून, समजा ९९९ वेळा, नकाशावर पुन्हा वाटतात. पिसूनही तेवढंच मोठं उत्तर वारंवार येत असेल, तर तो पुंजका सोडून द्यायचा.

मग दुसरा नकाशा लोकसंख्येच्या वाढ-घटीचा. २०२१ची जनगणना वेळेत झाली नाही, त्यामुळे मतदारयादीतल्या नावांवर भागवावं लागतं. यादीत मुलं नसतात, गाव सोडून आलेले पण नाव गावीच असलेलेही नसतात.

आणि दोन्ही नकाशांवर एकाच जागी गडद रंग दिसला, तरी ‘नव्या लोकांनी अमक्याला मत दिलं’ असं म्हणू नका. एकाच बूथच्या यादीत टॉवरही असतो, चाळही असते. कोणी कुठलं बटण दाबलं, ते नकाशाला कळत नाही.