पाव फुगतो कशाने?

[दृश्य: भायखळ्यातली बेकरी, रात्र. लाकडी मेजावर मैद्याचा मोठा गोळा.]

सकाळी गाडीवरचा वडापाव हातात पडेपर्यंत याचं काम कधीच आटोपलेलं असतं. आत्ता मात्र पीठ चढतंय. कारागीर बोट दाबून बघतो. खळगा लगेच उसळला तर अजून थांबायचं. सावकाश भरून आला की गोळे पाडायला घ्यायचे.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट.]

हे फुगवणारं यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. मिलिमीटरमध्ये अशा साधारण 200 पेशी ओळीने मावतील. मैद्यातला स्टार्च तिला थेट पचत नाही. पिठातलीच एन्झाइम्स स्टार्च तोडून माल्टोज ही साखर मोकळी करतात. यीस्ट ती आत ओढून घेतं आणि तिचं ग्लुकोज करतं.

पुढचा रस्ता दहावीच्या विज्ञानात बहुतेकांनी घोकलाय: ग्लायकोलायसिस. 10 पायऱ्यांत 6 कार्बनचं ग्लुकोज दुभंगतं आणि 3 कार्बनचे पायरुवेटचे दोन रेणू उरतात. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. सुरुवातीला 2 एटीपी खर्च, नंतर 4 जमा. निव्वळ कमाई 2. एवढ्यावर पेशीचा संसार!

पण घोकताना एक गोष्ट निसटते. या वाटेवर ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन एनएडी नावाचा रेणू उचलतो. पेशीत तो मोजकाच असतो. हातगाडी रिकामी झाल्याशिवाय हमाल पुढचा माल उचलणार कसा? म्हणून पायरुवेटमधून आधी कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि उरलेल्या ॲसिटाल्डिहाइडवर एनएडी आपलं ओझं उतरवतो. त्याचं होतं अल्कोहोल. या शेवटच्या दोन पायऱ्यांत एकही एटीपी मिळत नाही. सगळा खटाटोप एनएडी मोकळा व्हावा म्हणून. आपला पाव फुगतो तो या टाकाऊ वायूवर.

[दृश्य: काचेच्या नळीत बुडबुडे.]

साखरेचं असं अल्कोहोल व्हायला जिवंत पेशीच लागते, असं फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर मानत होते. 1897 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एदुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस पिळला आणि त्यात साखर घातली. पेशी नाहीत, तरी बुडबुडे आले! 1907 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

[दृश्य: भट्टीत सरकणारी लादी.]

ऑक्सिजन असताना यीस्टला ग्लुकोजमधून कितीतरी जास्त एटीपी काढता येतात. तरीही साखर मुबलक असली की ते हाच उधळा मार्ग धरतं. अल्कोहोलमुळे आजूबाजूचे जंतू मागे हटतात, आणि साखर संपल्यावर, हवा मिळाली तर, तेच अल्कोहोल ते खातं. लादीत मात्र ती वेळ येत नाही. 60 अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, वायू प्रसरण पावून पाव आणखी वर येतो, आणि अल्कोहोल बहुतेक सगळं भट्टीतच उडून जातं. तेव्हा उपासतापास पाळणाऱ्यांनीही दुसरा पाव मागवायला हरकत नाही. वड्यातल्या लसणाचं ज्यानं त्यानं बघावं.