ताटातला राणीछाप

नमस्कार श्रोतेहो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या वऱ्हाडात घरोघरी पेटीच्या तळातून एक पुरचुंडी निघते. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला रुपया, एखादी पावली, भोकाचा पैसा, कमळाचं पिवळं वीस पैशांचं नाणं. हळदीकुंकू लागतं आणि पुरचुंडी परत पेटीत जाते. पण नापिकीच्या साली किंवा दवाखाना मागे लागला की तीच सराफाकडे न्यावी लागते. माझ्या आजीचे नऊ राणीछाप एका दुकानात "यात निम्मीच चांदी असते, आजी" असं सांगून मोडीत घेतले गेले. ते खोटं होतं. मी तेव्हा लहान होतो, पण तिचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून नाणं हातात घेतलं की आधी साल वाचा. 1835 पासून 1939 पर्यंतच्या सरकारी रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी आहे. वजन 11.66 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. महायुद्धात, 1940 साली, चांदी निम्म्यावर आली. तिथून 1945 पर्यंतच्या रुपयात 5.83 ग्रॅम आहे. निम्म्या चांदीचा रुपया तो, राणीचा नव्हे! 1947 चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. त्याला चुंबक लावून पाहा, चिकटतो. चांदी कधी चिकटत नाही.

एक खोच मात्र नीट ध्यानात ठेवा. रुपयाचं वजन म्हणजे एक तोळा, हे आपल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. पण तो जुना तोळा. आज दुकानात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. "एक रुपया, एक तोळा" या बोलीवर व्यवहार केला, तर दर नाण्यामागे दीड ग्रॅमहून जास्त वजन हातचं जातं. काट्यावर ग्रॅममध्येच मोजायला लावा. झिजलेला रुपया कमी भरेल आणि हारासाठी कडी डाखलेला थोडा जास्त, हेही आलंच.

पिवळ्या वीस पैशांत सोनं आहे, ही समजूत गावोगाव आहे. बायाबापड्यांनो, त्यात सोन्याचा कणही नाही. त्याउलट 1969 चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं कितीतरी घरांत साधी चिल्लर म्हणून पडून असतं. ते 15 ग्रॅमचं, त्यात 12 ग्रॅम चांदी.

आपल्याकडे एवढी चांदी आली कशी? कापसानं. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याचे पैसे रोख रुपयांत घरात आले. तांड्यावरच्या बायांच्या गळ्यातही रुपयांचे हार दिसत. खामगावला रजतनगरी म्हणतात.

मोबाईलवर "जुन्या नाण्याला लाखो रुपये" म्हणणारा आधी फी मागेल. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच अशा लोकांपासून सावध केलं आहे. एक पैसाही पाठवू नका.

आणि विकण्याआधी नाणी चिंच-राखेनं घासू नका. संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी किंमत देतात. आजीचा एकच राणीछाप आमच्याकडे उरलाय, काळवंडलेला. आम्ही त्याला तसाच ताटात ठेवतो.