पान क्रमांकासकट

(दृश्य: नागपूरच्या एम्प्रेस मॉलसमोरची वाहती गर्दी. कॅमेरा वळून गांधीसागर तलावाकडे.)

आज जिथे हा मॉल आहे, तिथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल होती. 1 जानेवारी 1877 ला ती सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, तोच हा दिवस. गिरणीचं नाव त्यावरूनच पडलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी हीच गिरणी घेतली आणि कागदावर शीर्षक लिहिलं: 'एम्प्रेस मिलचा इतिहास'.

मार्गदर्शक मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने तीन शब्द लिहून कागद परत केला. कोणाचा? कधीचा? कुठला?

(दृश्य: विभागातलं टेबल. दोघी समोरासमोर.)

"मॅडम, विषय तर वाढतच चालून राहिला."

"विषय नको सांगू. तुला काय शोधायचं आहे ते सांग."

अर्ध्या तासाने वहीत हे वाक्य आलं: 'गिरणी बंद झाल्यावर आमच्या वस्तीतल्या कामगारांच्या घरच्या बायकांनी कोणती कामं धरली?' या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागेल, पुरावा द्यावा लागेल, आणि उत्तर चुकूही शकेल. 'इतिहास' या शीर्षकाखाली काहीही मावलं असतं. अभ्यासाच्या लेखनाची सुरुवात या वाक्यापासून होते. पहिल्या वर्षाला कोणी हे बसून शिकवलं, तर तिसऱ्या वर्षाचे कितीतरी प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून तयार होऊन येणार नाहीत.

(दृश्य: ग्रंथालय. वर्तमानपत्रांचे बांधीव खंड. पिवळं पान सावकाश उलटतं.)

नागपुरात पुरावा शोधायची सोय आहे. 1911 पासून निघणारं 'हितवाद' हे वर्तमानपत्र इथलंच, विद्यापीठ 1923 चं. जुन्या बातम्या, अहवाल, गॅझेटिअर हे सगळं वाचायला मिळतं. खरी अडचण नोंदी घेण्यात आहे.

तिच्या हातातलं नोंदीचं कार्ड जवळून बघा. वर उजवीकडे लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक. मजकूर लिहिण्याआधीच हे सगळं लिहून झालं आहे. खाली तीन प्रकारच्या नोंदी आहेत. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं घेतलं असेल, तर अवतरणचिन्हात. स्वतःच्या शब्दांत सांगितलं असेल, तर साधं. आणि वाचताना तिच्या मनात आलेला विचार चौकोनात. हा चौकोन फार महत्त्वाचा. महिन्याभराने कार्ड हातात घेतलं, की कोणतं वाक्य लेखकाचं आणि कोणतं आपलं, हे आठवत नाही. बरीचशी उचलेगिरी इथेच होते, अगदी प्रामाणिक मुलांकडूनसुद्धा.

आता ती पुस्तक मिटते आहे. परिच्छेद दोनदा वाचला, पुस्तक मिटलं, समजलं ते लिहिलं, मग पुस्तक उघडून ताडून पाहिलं. समोर पुस्तक ठेवून 'सुरू झाली'च्या जागी 'प्रारंभ झाली' केलं, तर वाक्य मूळ लेखकाचंच राहतं. आणि शब्द पूर्ण आपले असले, तरी माहिती ज्याची त्याचा संदर्भ द्यायचाच. मोबाइलवर एक प्रश्न टाकला की आख्खा निबंध मिळतो, पण या कार्डावर लिहायला पान क्रमांक मिळत नाही.

(दृश्य: वस्तीतलं अंगण. वृद्ध कामगार, शेजारी त्यांची पत्नी.)

"भोंगा वाजला की अख्खी वस्ती उठत होती, बेटा."

(निवेदन थांबते. आजी हातातली शिलाई दाखवतात. मूळ आवाज तसाच.)

मुलाखत हाही पुरावाच. त्यासाठी आधी परवानगी, मग तारीख आणि ठिकाण. नाव छापायचं की नाही, हे आजींनी ठरवलं. आजोबांनी सांगितलेलं एक साल वर्तमानपत्राशी जुळलं नाही. तिने दोन्ही नोंदवली. सालासाठी वर्तमानपत्र धरलं. घर कसं चाललं, त्यासाठी आजीचं बोलणं.

(दृश्य: खोलीच्या फरशीवर पसरलेल्या चिठ्ठ्या. वरून.)

आमच्या चित्रीकरणातला हा सगळ्यात आवडता भाग. पहिला खर्डा झाल्यावर तिने प्रत्येक परिच्छेद काय सांगतो, ते एका चिठ्ठीवर एका वाक्यात लिहिलं. एका परिच्छेदासाठी दोन वाक्यं लागली. त्याचे दोन परिच्छेद झाले. दोन चिठ्ठ्या एकच गोष्ट सांगत होत्या, एक गेली. टाटांच्या चरित्राची दोन पानं तिने मेहनतीने लिहिली होती, पण ती चिठ्ठी कुठेच बसेना. प्रश्न बायकांच्या कामाचा होता. ती पानं निघाली. शिलाईकामाची चिठ्ठी शेवटून उचलून मध्ये आली, आणि मग पुढचं आपोआप लागत गेलं.

परिच्छेदाच्या आतही असाच क्रम. आधी आपलं म्हणणं, मग पुरावा, मग त्या पुराव्यातून ते म्हणणं कसं निघतं याचं स्पष्टीकरण. हे तिसरं बहुतेक जण गाळतात. अवतरण टाकतात आणि पुढे जातात. मॅडमचं पेन सगळ्यात जास्त वेळा तिथेच थांबलं. आणि त्यांनी गोल केला तो 'असे म्हटले जाते की'भोवती. कोण म्हणतं? प्रस्तावना तिने सगळ्यात शेवटी लिहिली, कारण आपण काय लिहिलं आहे, हे तोवर ठरलेलं असतं.

(दृश्य: संगणकाचा पडदा, संदर्भसूची.)

संदर्भ देण्याची पद्धत विभागाला विचारून घ्यावी आणि शेवटपर्यंत एकच ठेवावी. पुढे प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम आहेतच: दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, 60 च्या वर नोंदणी रद्द.

(दृश्य: शेवटचं पान, मॅडमचा शेरा.)

'एवढ्या घरांवरून सगळ्या गिरणीबद्दल बोलता येईल का?' असा शेरा समासात होता. तिने निष्कर्षात वाक्य घातलं: 'हा अभ्यास एका वस्तीपुरता आहे, इतर वस्त्यांत चित्र वेगळं असू शकेल.' मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली आणि प्रकल्प बाइंडिंगला गेला.