बस्ता, फूटपाथ आणि लक्ष्मी रस्ता

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात पूर्वी एखादी बाई 'जरा लक्ष्मी रोडला जाऊन येते' म्हणाली, तर 'काय आणायचंय?' असं घरात कुणी विचारत नसे. काय आणायचं ते तिथं गेल्यावर ठरायचं. हल्ली हेच वाक्य उच्चारलं की लगेच प्रश्न येतो, 'गाडी कुठं लावणार?' आणि बेत चपला घालायच्या आधीच मोडतो.

शहराच्या मधली जुनी बाजारपेठ पुन्हा कशी भरायची, हा आजचा विषय. लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, मंडई, रविवार पेठ, बोहरी आळी हा सगळा टापू डोळ्यांपुढे आणा. बाजार बुडालाय असं मी म्हणणार नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिथं मुंगीला शिरायला वाव नसतो. पण सणाचे दिवस सोडा आणि एखाद्या मंगळवारी दुपारी चक्कर मारा. गादीवर बसलेले लोक मोबाइल बघताना दिसतील. गिऱ्हाईक मॉलमध्ये गेलंय, नाहीतर घरी सोफ्यावर बसून बोटानं खरेदी करतंय.

व्यापाऱ्यांना विचारा, दुखणं काय? शंभरातले नव्वद जण म्हणतील, पार्किंग. आता मंडईजवळचे दोन वाहनतळ बघा, आर्यन आणि मिनर्वा. ही एके काळी सिनेमाची थिएटरं होती. थिएटरं गेली, गाड्या आल्या, नावं तेवढी उरली. करमणुकीची जागा पार्किंगला दिली, तरी पार्किंग पुरलं नाही ते नाहीच. पुण्यातल्या थिएटरांबद्दल मला बोलायला लावू नका, आजची वेळ तिथंच संपेल.

माझं म्हणणं वेगळं आहे. गिऱ्हाईक पोचतं कसं हा प्रश्न आहेच, पण पोचल्यावर ते थांबतं कुठं हा त्याहून मोठा आहे. पुन्हा सांगते, थांबतं कुठं. आणि हे मला बस्त्याच्या एका दिवसानं शिकवलं.

बस्ता म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मी तेव्हा नववीत होते. माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलं होतं. मामाचं घर सासवडचं, सोयरे भोरचे, आणि बस्ता अर्थातच लक्ष्मी रस्त्यावर. त्या काळी सातारा, बारामती, नगरकडची माणसंही बस्त्याला पुण्यात येत. आम्ही पुण्यातले, म्हणून वाट दाखवायचं काम माझ्या आईकडे. मामाकडची मंडळी पहाटेच्या एसटीनं दिवे घाट उतरून स्वारगेटला आली, भोरची मंडळी त्यांच्या एसटीनं आली, आणि दुकानाचं शटर वर जायच्या आधी आमची फौज पायरीशी हजर. त्यात एक बाळंतीण होती, एक आजोबा होते, आणि नवरदेवाची आत्या होती. आत्याबाईंकडे नीट लक्ष ठेवा.

चपला पायरीशी काढून आम्ही गादीवर चढलो. पांढरीशुभ्र चादर, टेकायला लोड. पोऱ्यानं स्टीलच्या ग्लासांतून पाणी फिरवलं, मागोमाग कपबशीतून चहा. कागदी कपात चहा देऊन माणसाला उभ्या उभ्या वाटेला लावायची रीत तेव्हा नव्हती. माझं तर मत आहे की कागदी कप आला आणि पाहुणचार गेला, पण ते असो.

आमच्या समोर बसले अण्णा. जाड भिंगाचा चष्मा, मनगटावर रबरबँड, मांडीशी कपाटातून काढलेला ढीग. आधी मानपान उरकायचं. विहिणीची साडी, करवलीची साडी, आजीचं नऊवारी, मग आहेराच्या साड्यांचा गठ्ठा, टॉवेल-टोप्या, उपरणी. एकेका साडीवर दोन्हीकडून घासाघीस. 'आमच्या धाकट्या जावेला हलकी साडी चालायची नाही हं.' 'अहो, हलकी कुठंय, हात लावून बघा.' अण्णा मधे पडत नव्हते. वाद वाढला की नवी साडी उलगडायचे. एक झटका, काठ त्यांच्या हातात, पदर थेट आपल्या मांडीवर. माणसं बोलायचं विसरून साडीकडे बघायची.

पुरुष मंडळी तासाभरात कंटाळली. मामा बोहरी आळीत गेला, मांडवाला लागणारा दोर आणि ट्रंकेचं कुलूप आणायला. नवरदेवाचा भाऊ अप्पा बळवंत चौकात पुस्तकं बघायला. आम्हा पोरींना तुळशीबागेत पिटाळलं, ते आम्ही बांगड्या आणि माझ्या धाकट्या बहिणीसाठी भातुकलीतलं पितळी घंगाळ घेऊन परत आलो. येऊन बघतो तो आत युद्ध पेटलेलं.

शालूवर आले होते सगळे. आत्याबाईंनी डाळिंबी शालू उचलून मांडीवर घेतला होता आणि त्यावर पंजा ठेवला होता. 'आमच्या घराण्यात नवरी डाळिंबी रंगातच असते.' नवरीकडच्या बायका गप्प. मुलीकडची बाजू, बोलणार कोण? मामीनं माझ्या आईकडे बघितलं, आईनं लोडाकडे. आणि नवरी, म्हणजे आमची ताई, मान खाली घालून बसलेली. पण तिचा हात बाजूच्या ढिगावर होता. त्यात एक चिंतामणी रंगाचा शालू होता आणि त्याच्या काठावरची एक कोयरी ती बोटानं पुन्हा पुन्हा चाचपत होती. हे मी पाहिलं, आणि अण्णांनीही पाहिलं.

अण्णा ताईला काही बोलले नाहीत. आत्याबाईंनाच म्हणाले, 'आत्याबाई, लग्न सकाळचं का गोरज?'

'सकाळचं. दारात मांडव.'

'मग ट्यूबखाली बघून कसं चालेल? रंग उन्हात बघावा. उद्या मांडवात विटकरी दिसला तर तुम्ही मलाच धराल.'

एवढं बोलून ते उठले, एका खांद्यावर डाळिंबी, दुसऱ्यावर चिंतामणी, आणि पायऱ्या उतरून थेट फूटपाथवर. चपला न घालता! मागोमाग आम्ही सगळे, बाळंतीणसुद्धा. अण्णांनी डाळिंबीच्या निऱ्या झरझर केल्या, पँटीच्या पट्ट्यात खोचल्या, पदर खांद्यावरून सोडला आणि उन्हात उभे राहिले. लक्ष्मी रस्त्यावर भर दुपारी, चष्मा लावलेली एक नवरी.

माणसं थांबायला लागली. मंडईतून भाजी घेऊन चाललेल्या दोघी पिशव्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला मुलगा बाहेर आला. 'चांगलाय की,' एक म्हणाली. दुसरी म्हणाली, 'डाळिंबी काय, दर लग्नात बघतो आपण.' अण्णांनी मग चिंतामणी लावला. उन्हात तो असा काही झळकला, की आमची मामी, जी दिवसभर तोंडातून शब्द काढत नव्हती, ती 'अगं बाई' म्हणाली. एक म्हातारे गृहस्थ सायकल थांबवून जरीचा भाव विचारू लागले. सार्वमतच सुरू झालं म्हणा ना.

त्या गर्दीत नऊवारीतल्या एक आजी होत्या. आमच्या कुणी ओळखीच्या नव्हेत. त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, 'मुलगी कुठली ह्यातली? तिला विचारलंत का?'

सगळे गप्प. ताईचे कान लाल झालेले. आणि श्रोतेहो, आत्याबाईंनी त्या क्षणी जे केलं त्याला तोड नाही. त्या तडफेनं म्हणाल्या, 'विचारायचं काय त्यात? तिला चिंतामणीच आवडलाय. मी मघापासून बघतेय ना!'

झालं. पावती चिंतामणीची फाटली. आत आल्यावर अण्णा डाळिंबी शालूची घडी घालत हळूच म्हणाले, 'आत्याबाई, तुमच्या घराण्याचा रंग आहे, दुसरीकडे जाऊ देऊ का?' आणि आत्याबाईंनी तो स्वतःसाठी घेतला! एक शालू घ्यायला आलेल्या माणसांना अण्णांनी दोन विकले, आणि दोन्हीकडची माणसं खुशीत बाहेर पडली. आजही आमच्याकडे लग्न निघालं की ही गोष्ट निघते, आणि दर वेळी फूटपाथवरची गर्दी थोडी वाढलेली असते.

आता बघा, त्या एका बस्त्यानं किती दुकानं पोसली. कापडाचं दुकान तर झालंच. बोहरी आळी, पुस्तकवाला, बांगडीवाला, भातुकलीवाला, वर संध्याकाळी दोन्ही फौजा जिथं जेवल्या ती खाणावळ. कारण आम्ही दिवसभर थांबलो. दिवसभर थांबलो, कारण बसायला गादी होती, प्यायला पाणी होतं, आणि बाहेर उन्हात उभं राहायला फूटपाथ होता.

आज अण्णा पायरी उतरून उभे कुठं राहतील? पायरीला लागून दुचाक्या, त्यापुढे पथारी, त्यापुढे विजेची पेटी, आणि मग हॉर्न वाजवणारा रस्ता. पथारीवाल्यांवर माझा राग नाही. 2014 साली त्यांच्यासाठी केंद्राचा कायदा झाला, त्यांची जागा ठरवून देणं हे काम पालिकेचं आहे. आणि काही ठिकाणी समोरची पथारी दुकानदाराच्याच मेहेरबानीवर असते, हेही पेठेत सगळ्यांना ठाऊक असतं.

पुणे महापालिका 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद असतो. लोक मधोमध चालतात, मुलं खेळतात, बरं वाटतं. व्यापारी मात्र कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर सगळीच खोटी नाही. माल उतरवायचा कुठं? गुडघे दुखणाऱ्या आजींनी दागिने घ्यायला यायचं कसं? आणि आलेली गर्दी फिरायला आलीय का घ्यायला? अमेरिकेत कलामाझू नावाचं गाव आहे. तिथं 1959 मध्ये बाजारातला मुख्य रस्ता गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांसाठी केला, त्या देशातला असा पहिलाच म्हणतात. 1998 मध्ये तिथं पुन्हा गाड्या सोडल्या. म्हणजे नुसता रस्ता बंद केला की बाजार भरतो, असंही नाही. पण तिथली माणसं आधीच शहर सोडून लांब राहायला गेली होती, हे विसरू नका.

आणि इथं आपलीही गाठ पडते. आपल्या पेठांतलीही माणसं कोथरूडला गेली, सिंहगड रस्त्याला गेली. वाडे रिकामे झाले, भाडेकरूंचं भाडं जुनंच राहिलं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ भाडंच जिथं नावापुरतं, तिथं चार टक्क्यांनी छपराची कौलंही बदलून होत नाहीत. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही, वरच्या मजल्यावर खोकी भरलेली. संध्याकाळी सातला खाली उतरून पावशेर फुटाणे घेणारं कुटुंब त्या मजल्यावर उरलेलंच नाही. वाड्यांच्या प्रश्नावर एक वेगळं भाषण करावं लागेल.

पोचण्याची सोय मात्र आता बरीच झालीय. 29 सप्टेंबर 2024 ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली, आणि मंडईलाच स्थानक झालं. गाडी कुठं लावायची हा प्रश्न तिथं निम्मा सुटतो. जाता जाता सांगते, मंडईची ती मूळ इमारत 1886 ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेत असताना महात्मा फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घाला म्हणून. आज मंडईला नाव त्यांचंच आहे. नाव दिलं, ऐकलं मात्र नाही, ही आपली जुनी पद्धत.

तर मेट्रोनं तुम्ही मंडईला उतरलात. वर आलात. आता थांबणार कुठं? तिसऱ्यांदा विचारतेय, कंटाळू नका. लक्ष्मी रस्त्यावर पाठ टेकायला बाक किती आहेत? आणि जे बायका एकमेकींत बोलतात पण सभेत कुणी बोलत नाही ते मी इथं बोलते. स्वच्छतागृह कुठंय? कपड्यांच्या, दागिन्यांच्या, भांड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक मुख्यतः बाईच. ती घरून पाणी न पिता निघते आणि दोन तासांत परत फिरते. मॉलमध्ये ती चार तास का राहते? तिथल्या साड्या जास्त चांगल्या असतात म्हणून? मुळीच नाही. तिथं थंडावा असतो, बसायला जागा असते, आणि स्वच्छतागृहाची पाटी लांबून दिसते.

पालिका करील तेव्हा करील. व्यापारी मित्रांनो, तुम्ही उद्या सकाळी एक करू शकता. दुकानाच्या मागं तुमच्या कामगारांसाठी जे स्वच्छतागृह आहे ते धुऊन काढा, आणि गिऱ्हाईक बायकांना वापरू द्या, खरेदी केलेली असो वा नसो. दारावर तशी पाटी लावा. पाट्या लिहिण्यात पुणेकरांचा हात कुणी धरणार नाही. फक्त या वेळी शेवटी 'करू नये' लिहायचं नाही, 'वापरावे' लिहायचं.

नमस्कार.