उसाची उचल, दुधाचा फरक

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पैसा दोन वाटांनी येतो. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी, आणि उसाचं वर्षातून एकदा. लागण आडसाली असेल तर दीड वर्षसुद्धा थांबावं लागतं. दुधाच्या पैशातून किराणा, गॅस, पोरांच्या वह्या आणि भिशी भागते. उसाच्या बिलातून आधी सोसायटीचं पीक कर्ज वळतं होतं, मग उरलेल्या पैशांत घराचं बांधकाम, लग्न, गुजरीतला एखादा दागिना, नाहीतर गोठ्यात नवी म्हैस. घर एकच, पण दोन्ही पैशांचे हिशेब वेगळे. असं का होतं, आज त्याबद्दल बोलायचं आहे.

घरं खर्च आणि बचत कशी ठरवतात, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सनं १९३६ मध्ये मांडलं, की उत्पन्न वाढलं की खर्चही वाढतो, पण तितका वाढत नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमननं १९५७ मध्ये त्यात मोठी भर घातली. त्याच्या मते आज हातात किती आले, यापेक्षा पुढेही साधारण किती येत राहतील हा अंदाज धरून माणूस खर्च करतो. १९९२ साली क्रिस्टिना पॅक्सन यांनी थायलंडच्या भातशेतकऱ्यांवर हे तपासलं. चांगल्या पावसानं एखाद्या वर्षी जादा पैसे आले, तर त्यातला बराचसा भाग शेतकरी मागं टाकतात, असं त्यांना आढळलं. ‘शेतकऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही’ असं शहाजोगपणे म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

पण फ्रीडमनच्या हिशेबात सगळे रुपये सारखेच. आपल्या घरात ते तसे नसतात. एस्थर डुफ्लो आणि ख्रिस्तोफर उड्री यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये पाहिलं, की पैसा कोणत्या पिकाचा आणि ते पीक नवऱ्याचं की बायकोचं, यावर तो कशावर खर्च होणार हे बदलतं. आपल्याकडे सातबारा बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर आणि म्हशीची धार, वैरण, शेण बाईच्या अंगावर. तेव्हा दुधाचा पैसा घरच्या चुलीकडे जातो, यात नवल नाही.

आता मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो अभ्यास. लोरेन्झो कासाबुरी आणि रोक्को माकियावेल्लो यांनी तो केनियातल्या दूध उत्पादकांमध्ये केला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं सहकारी संस्था महिन्यानं पैसे देते, तर फिरते व्यापारी रोजच्या रोज. रोजचा पैसा सोयीचा वाटेल, पण अनेक शेतकऱ्यांनी नुकसान सोसूनही पैसे एकदम आणि उशिरा घेणं पसंत केलं. रोज हातात आलेले किरकोळीत संपतात आणि मोठ्या खर्चाला काही उरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग व्यापाऱ्यांनीही महिन्यानं पैसे का देऊ नयेत? कारण ते महिन्यानंतर देतील याचा भरवसा कुणालाच नव्हता. दिवाळीला दूध संघाकडून वर्षभराच्या दुधावर एकदम मिळणाऱ्या फरकाच्या रकमेची आपल्याकडे घरोघरी वाट पाहिली जाते, ती का, हे यावरून कळतं. वर्षभर लिटरमागे थोडे थोडे मिळाले असते तर ते कधीच विरून गेले असते.

मग कुणी विचारेल, उशिरा मिळालेला पैसा इतका चांगला, तर उसाचं बिल एकरकमी हवं म्हणून जयसिंगपूरला भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या ऊस परिषदेत दरवर्षी आवाज का उठतो? माझ्या मते या दोन गोष्टींत विसंगती नाही. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, दोन टप्प्यांत द्यायला परवानगी दिली, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. केनियातल्या शेतकऱ्यानं थांबणं स्वतः निवडलं होतं. न विचारता थांबवलेला पैसा म्हणजे शेतकऱ्यानं कारखान्याला दिलेलं बिनव्याजी कर्ज, त्याला बचत म्हणता येणार नाही.

आणि या थांबण्याची किंमत फक्त रुपयांत होत नाही. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी आणि तोडणीनंतर विचारशक्ती तपासणारी कोडी दिली होती. तोडणीआधीच्या ओढाताणीत त्यांची उत्तरं जास्त चुकली. पुढच्या वर्षाचे निर्णयही माणूस अशाच ओढाताणीत घेत असतो.

म्हणून साखर कारखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या संचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत सभासदांपुढे एक साधा अर्ज ठेवा. हक्काचं बिल चौदा दिवसांत पूर्ण द्याच. त्यानंतर ज्याला हवं असेल त्यानं त्यातला ठरावीक भाग आपल्या नावावर मागं ठेवावा, आणि तो जूनमध्ये, शाळेची फी आणि खताची उचल एकदम अंगावर येते तेव्हा, व्याजासह परत मिळावा. तारीख लेखी असावी, आणि अर्जावर घरातल्या बाईचीही सही असावी.