कुर्नास: क्रेटचं गोडं पाणी

(सकाळ. तळ्यावर अजून एकही होडी नाही.)

बेटावर पाण्याला काय तोटा, असं आपल्याला वाटतं. पण ग्रीसचं क्रेट बेट आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं असूनही त्यावर गोड्या पाण्याचं मोठं नैसर्गिक तळं एकच आहे. हेच ते, कुर्नास.

उत्तर किनाऱ्यावरच्या जॉर्जिऊपोली गावापासून हे तळं चारेक किलोमीटर आत आहे. काठाशी पाणी इतकं नितळ, की तळाचे खडे मोजावेत. थोडं पुढे ते मोरपंखी होतं आणि मध्यावर गर्द निळं. तिथे खोली वीस मीटरहून जास्त आहे.

हे पाणी आलं कुठून? इथले डोंगर चुनखडीचे. पडलेला पाऊस भेगांमधून खाली उतरतो आणि पोटातल्या पोटात वाहत राहतो. डोंगरात मुरलेलं तेच पाणी इथे झऱ्यांच्या रूपानं वर येतं. त्यातल्या मोठ्या झऱ्याचं नाव अमाती. ग्रीकमध्ये डोळ्याला ‘माती’ म्हणतात, हे ऐकून मराठी कान क्षणभर थबकतो. उन्हाळा सरता सरता पाणी ओसरतं आणि काठाला पांढरी पुळण उघडी पडते. आजूबाजूची शेतीही याच पाण्यावर भिजते.

(पायडल मारायची होडी काठाकाठानं सरकते.)

आता जरा थांबू या. पायडल सोडा, हात मांडीवर ठेवा. झुडपाच्या सावलीत पाण्याबाहेर आलेलं ते अंगठ्याएवढं डोकं दिसलं? मानेवर पिवळसर रेघा आहेत. हे गोड्या पाण्यातलं कासव. आपण हललो नाही, तर तेही हलत नाही. नाकपुड्या तेवढ्या पाण्याच्या वर. होडी हलली, की डुबुक! मागे उरतं फक्त एक वर्तुळ. कृपा करून त्याला पाव टाकू नका. त्याचं अन्न याच तळ्यात आहे. हा सगळा परिसर युरोपीय संघाच्या ‘नातुरा २०००’ या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यात येतो, तो उगाच नाही.

प्राचीन काळी या तळ्याला कोरिसिया म्हणत आणि इथे अथेना देवीचं देऊळ होतं, असं जुने ग्रंथ सांगतात. लोककथा मात्र वेगळी आहे. इथे म्हणे एक गाव होतं, ते पापापायी बुडालं. त्या गावातली एक मुलगी चांदण्या रात्री पाण्याच्या मधोमध बसून अजूनही केस विंचरते.

(संध्याकाळ. होड्या काठाला लागल्या आहेत.)

तळ्यातलं जास्तीचं पाणी डेल्फिनास नावाच्या लहानशा नदीतून बाहेर पडतं. डोंगराच्या पोटात इतका काळ जपलेलं हे गोडं पाणी थोडंच अंतर चालतं, आणि मग समोर समुद्र येतो.