टीएसएच नॉर्मल आहे, मग गाठ कसली?

(लक्ष्मी रस्ता. वरच्या मजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या बाईंचं दुकान. गळ्याभोवती मापाची टेप.)

बंद गळ्याच्या ब्लाउजचं माप घेता घेता टेलरबाईंचा हात थबकला. "काकू, इथे सुजलंय का हो?" काकूंनी आरशात पाहिलं. गळ्याच्या खालच्या बाजूला, जरा उजवीकडे, सुपारीएवढा उंचवटा. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. कधीपासून होतं तेही सांगता येईना.

घरी सगळ्यांचं एकमत झालं, थायरॉईड तपासून घ्या. सकाळी लॅबचा मुलगा रक्त घेऊन गेला, संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर आला. टीएसएच २.१. "नॉर्मल आहे की!" विषय मिटला, आणि पुढचे चार महिने मिटलेलाच राहिला.

या चार महिन्यांसाठीच ही फिल्म करावीशी वाटली. कारण असा विषय पुण्यातल्या कितीतरी घरांत मिटतो.

टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन. ते तयार होतं मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत. थायरॉईड किती काम करतेय, हे त्यावरून कळतं. तिच्यात काय वाढलंय, हे नाही. गल्ला रोज बरोबर भरतोय म्हणून माळ्यावर काय साठलंय ते कळत नाही, तसंच. थायरॉईडचा कॅन्सर झालेल्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मलच असतो.

मग गाठ दिसली की डॉक्टर आधी टीएसएचच का सांगतात? तर तो कमी आला, की गाठ स्वतःच हार्मोन तयार करत असण्याचा संशय येतो. तेव्हा थोडं किरणोत्सारी द्रव्य देऊन स्कॅन करतात. ज्या गाठीत ते भरभरून साठतं, ती 'हॉट', आणि हॉट गाठीत कॅन्सर क्वचितच निघतो. 'कोल्ड', म्हणजे ते न साठवणारी, म्हटलं की पेशंट हबकतात. पण बहुतेक गाठी कोल्डच असतात आणि त्यांतल्याही बहुतेक साध्या.

(टिळक रस्त्याजवळचा दवाखाना. टेबलावर पाण्याचा पेला.)

"काकू, एक घोट तोंडात धरा. मी सांगेपर्यंत गिळायचं नाही." डॉक्टर मागे उभे, दोन्ही हातांची बोटं गळ्यावर. "हं, गिळा आता." गाठ बोटांखालून वर सरकली आणि परत जागेवर आली. म्हणजे ती बहुधा थायरॉईडचीच. ही ग्रंथी स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला बांधलेली असते, त्यामुळे गिळताना त्यांच्याबरोबर वर जाते. कातडीखालची चरबीची गाठ अशी हलत नाही. याला खर्च एक पेला पाण्याचा; आणि घाईगर्दीत नेमकं हेच राहून जातं.

मग प्रश्न. आवाज बसलाय? गिळताना अडकतं? गाठ झपाट्याने वाढली? लहानपणी मानेला रेडिएशन दिलं होतं? घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर? गाठी बायकांमध्ये जास्त आढळतात, पण पुरुषाच्या किंवा लहान मुलाच्या गळ्यात गाठ दिसली तर डॉक्टर जास्त सावध होतात.

(सोनोग्राफीची अंधारी खोली. पडद्यावर करड्या छटा.)

हाताला एकच लागली तरी सोनोग्राफीत पुष्कळदा शेजारी दुसरी, तिसरी दिसते. काकूंची मात्र खरोखर एकटीच होती, २२ मिलिमीटरची. भरीव, आजूबाजूपेक्षा काळपट, कडा गुळगुळीत, आत कॅल्शियमचे बारीक ठिपके नाहीत, रुंदीपेक्षा उंची जास्त नाही. या प्रत्येक गोष्टीला गुण असतात, त्यांच्या बेरजेवरून गाठीची श्रेणी ठरते; या पद्धतीला टायरॅड्स म्हणतात. काकूंची गाठ चौथ्या श्रेणीत बसली. या श्रेणीत १५ मिलिमीटरपासून पुढे सुई टाकून पेशी तपासायच्या, असा अमेरिकन रेडिऑलॉजिस्टांचा २०१७ चा निकष आहे. अगदी संशयास्पद दिसणाऱ्या पाचव्या श्रेणीलाही हा निकष १० मिलिमीटरचा आहे.

म्हणून फुल बॉडी चेकअपमध्ये सापडलेल्या ४ मिलिमीटरच्या ठिपक्यामागे धावण्यात सहसा अर्थ नसतो. दक्षिण कोरियात सरसकट थायरॉईडची सोनोग्राफी होऊ लागली आणि १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये या कॅन्सरचं निदान १५ पट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो गळ्यांवर शस्त्रक्रिया मात्र झाल्या.

सुईला काकू घाबरल्या होत्या. ती रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक असते. पडद्यावर पाहत गाठीत शिरते, काही सेकंद मागेपुढे होते, बाहेर येते. आत आलेला थेंब काचपट्टीवर पसरतात. एक पट्टी हवेत वाळते, एक लगेच अल्कोहोलमध्ये जाते. निकाल बेथेस्डा पद्धतीने येतो, १ ते ६. दोन म्हणजे साधी, सहा म्हणजे कॅन्सर. एक म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, बहुधा पुन्हा सुई. अवघड असतात ते मधले तीन आणि चार. पेशी दिसतात, पण गाठीचं आवरण फोडून त्या बाहेर पडल्यात का, हे सुईला सांगता येत नाही. तिथे कधी कधी थायरॉईडचा अर्धा भाग काढूनच पाहावं लागतं.

काकूंना दोन आला.

"मग काढून टाकू या का?" "कशाला? वर्षाने सोनोग्राफी करू. मध्ये वाढली, आवाज बदलला, तर लगेच या."

(स्वयंपाकघर. भिंतीवर कालनिर्णय.)

पुढच्या वर्षीचं कालनिर्णय अजून घरात आलेलं नाही. काकूंनी तारीख यंदाच्याच डिसेंबरच्या पानामागे लिहिलीय, दुधाच्या हिशोबाखाली.